जुनी चाके घेण्याआधी हब मोजावा

मोटरसायकलची वापरलेली चाके विकत घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न 'किती इंची?' हा असतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या उत्तरातून फारच थोडे कळते. १७ इंची चाके असंख्य मोटरसायकलींना येतात आणि तरीही त्यांतील मोजकीच एकमेकांच्या जागी बसतात; कारण चाक बसणार की नाही हे रिमपेक्षा (टायर बसतो त्या कडीपेक्षा) हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, ठरते. अ‍ॅक्सलची (चाक ज्यावर फिरते त्या दांड्याची) जाडी, हबची रुंदी, ब्रेकची डिस्क आणि चेनचे दातेरी चक्र म्हणजे स्प्रॉकेट चाकाच्या मध्यरेषेपासून किती दूर आहेत, अशा चार-पाच मापांवर सगळे अवलंबून असते आणि विकणाऱ्याने दिलेल्या वर्णनात बहुधा नेमकी हीच मापे नसतात.

चाक त्याच मॉडेलचे असले तरी निश्चिंत होऊ नये. एकाच नावाने वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या गाडीचा फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे) मधल्या काळात बदललेला असू शकतो, किंवा एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाडीचे हब वेगळे असू शकतात. अशा वेळी कंपनीची सुट्या भागांची यादी उघडून पार्ट नंबर ताडून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी होय. मात्र त्यातही एक मेख आहे. चाकाचा पार्ट नंबर रंगानुसारही बदलतो, त्यामुळे नंबर जुळला नाही म्हणून चाक बाद करण्याची घाई नको. मी चाकाऐवजी अ‍ॅक्सल, दोन्ही बाजूंचे स्पेसर (हबच्या बाजूची मोकळी जागा भरणाऱ्या कड्या), बेअरिंग, डिस्क आणि कॅलिपर ब्रॅकेट (डिस्क दाबणारा कॅलिपर जिच्यावर बसतो ती पट्टी) यांचे नंबर ताडतो. ते सगळे जुळत असतील, तर चाकाचा नंबर वेगळा असूनही ते बसण्याची शक्यता पुष्कळ असते. त्यातला एखादा स्पेसर जरी वेगळा निघाला, तरी व्हर्निअर (अचूक माप घेण्याचे साधन) हातात घ्यावा लागतो.

अ‍ॅक्सलची जाडी जुळली नाही की अनेक जण लगेच नाद सोडतात, आणि माझ्या मते हीच अडचण त्यातल्या त्यात सोपी असते. बेअरिंगची मापे प्रमाणित असतात. ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगचा आतील व्यास २० मि.मी., बाहेरील ४७ मि.मी. आणि रुंदी १४ मि.मी. असते, ६३०३ चा बाहेरील व्यास आणि रुंदी अगदी तीच, आतील व्यास मात्र १७ मि.मी. म्हणजे २० मि.मी. अ‍ॅक्सलचे चाक १७ मि.मी. अ‍ॅक्सलवर आणायचे असेल, तर हबला हात न लावता नुसते बेअरिंग बदलता येते. २५ मि.मी. अ‍ॅक्सलसाठी ६००५ आहे. त्याचाही बाहेरील व्यास ४७ मि.मी.च, पण रुंदी १२ मि.मी., त्यामुळे प्रत्येक बाजूच्या २ मि.मी.चा हिशेब करावा लागतो. बेअरिंग बदलले की दोन बेअरिंगच्या मधली नळीही नव्या व्यासाची करून घ्यावी लागते आणि तिच्या लांबीत तडजोड चालत नाही. ती आखूड असली, तर अ‍ॅक्सल आवळताच बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ढकलल्या जातात, गोळ्यांवर बाजूने दाब येतो आणि कोरे बेअरिंगही लवकर संपते. ही नळी चाकात आहे ना, हे घेतानाच बोट घालून पाहावे.

खरी कसोटी लागते ती आडव्या अंतरांत. चाक आडवे ठेवून रिमच्या कडांवर सरळ पट्टी टेकवावी आणि पट्टीपासून स्पेसर टेकतो त्या तोंडापर्यंत, तसेच डिस्कच्या बैठकीपर्यंतचे अंतर मोजावे. हब रिमच्या बाहेर आलेला असेल, तर पट्टीखाली दोन समान उंचीचे ठोकळे ठेवावेत आणि ती उंची नंतर वजा करावी. चाक उलटून दुसऱ्या बाजूनेही हेच करावे. रिमच्या एकूण बाहेरील रुंदीच्या निम्म्यातून ही खोली वजा केली की प्रत्येक बैठक मध्यरेषेपासून किती दूर आहे ते मिळते. समजा, फोर्कच्या आतील अंतर १४० मि.मी. आहे आणि हब १२८ मि.मी. रुंद आहे. उरलेल्या १२ मि.मी.चे सहा-सहाचे दोन स्पेसर केले की झाले, असे वाटते. पण हब मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल तरच ते खरे. नाहीतर एक बाजू ४ आणि दुसरी ८ अशीही निघू शकते. रिम मध्यावर आल्यानंतर डिस्क कॅलिपरच्या मधोमध येते का, हा पुढचा प्रश्न. रिमला उजवीकडे सरकायचे आहे आणि डिस्कला डावीकडे, अशी वेळ आली तर स्पेसर कितीही नेमके केले तरी उपयोग नसतो. मग कॅलिपरचे ब्रॅकेट नव्याने करावे लागते. ब्रेकच्या बाबतीत असे घरगुती प्रयोग मी टाळतो. स्वतःची डिस्क नव्या हबवर लावायची असेल, तर बोल्टची संख्या, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास आणि डिस्कचे मधले भोक ही तिन्ही मापे जुळावी लागतात. कॅलिपरची पाठ आऱ्यांना लागते का, हे तर चाक प्रत्यक्ष फिरवूनच कळते.

मागच्या चाकाला याशिवाय चेनची रेषा सांभाळावी लागते. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्ही चेनचा पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधील अंतर) १५.८७५ मि.मी. असतो, रुंदी मात्र वेगळी. ४२८ चा पिचच १२.७ मि.मी. असतो. तेव्हा चाकासोबत आलेले स्प्रॉकेट आपल्या चेनचे असेलच असे नाही, आणि असले तरी ते पुढच्या स्प्रॉकेटच्या सरळ रेषेत यायला हवे. स्प्रॉकेटचा कॅरिअर (स्प्रॉकेट ज्यावर बसते तो भाग) आणि त्यातले रबर चाकासोबतच मागून घ्यावेत. ड्रम ब्रेक असेल, तर ब्रेक प्लेटला अडवून धरणारा दांडा कुठे बसणार हेही आधीच पाहावे, कारण तो नसेल तर ब्रेक लावताच प्लेट चाकाबरोबर फिरू लागेल.

रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते. 'एमटी ३.५०' म्हणजे टायरच्या दोन बैठकींमधील अंतर साडेतीन इंच. बाहेरून मोजले तर ते जास्त भरते आणि गोंधळ होतो. १२०/७० टायरला (रुंदी १२० मि.मी., उंची तिच्या ७० टक्के) ३.५० इंच आणि १८०/५५ ला ५.५० इंच ही सर्वमान्य जोडी आहे. रुंद टायर स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा भाग) किंवा चेनला घासत नाही ना, हे टायर चढवूनच तपासावे.

व्यास बदलत असेल, तर थोडे गणित करावे. १००/९०-१८ टायरचा एकूण व्यास सुमारे ६३७ मि.मी. आणि ११०/८०-१७ चा सुमारे ६०८ मि.मी. येतो. म्हणजे अ‍ॅक्सल जवळजवळ १५ मि.मी. खाली येतो, आणि स्पीडोमीटर त्याच चाकावरून चालत असेल तर तो पाच टक्क्यांच्या आसपास जास्त वेग दाखवतो. एकट्या पुढच्या चाकात असा बदल केला, तर हँडल अधिक चपळ आणि थोडे अस्थिर होते. एबीएसच्या कडीचे (चाकाचा वेग मोजण्यासाठी असलेल्या दातेरी कडीचे) दात मोजून मूळ चाकाशी ताडावेत. ते वेगळे असतील, तर यंत्रणेला चाकाचा वेग चुकीचा कळतो.

मापे जुळली की मगच चाकाची तब्येत पाहावी. ते अ‍ॅक्सलवर फिरवून रिमजवळ एक स्थिर खूण धरली की चाक आउट (वाकडे) असल्यास लगेच दिसते. काही सर्व्हिस मॅन्युअल २ मि.मी.पर्यंत चालवून घेतात, काही मिश्रधातूच्या चाकांना एक मि.मी. किंवा त्याहून कमीच मुभा देतात. बेअरिंग हाताने सहज आत-बाहेर होत असेल, तर हबची बैठक झिजलेली आहे. नुकतेच पावडर कोटिंग केलेल्या चाकाकडे मी अधिक संशयाने पाहतो, कारण त्याखाली भेगही झाकली जाते आणि वेल्डिंगही. आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली, तर बाकी सगळे जुळत असले तरी ते चाक घेऊ नये.

विक्रेत्याकडे मूळ अ‍ॅक्सल आणि स्पेसर असतील, तर आपल्या गाडीला लागणार नसले तरी ते चाकासोबत मागून घ्यावेत. ते त्याच क्रमाने हबवर चढवले की त्या गाडीत डिस्क फोर्कपासून किती अंतरावर होती हे थेट मोजता येते, आणि त्यावरून आपल्या गाडीसाठी कोणता स्पेसर किती मि.मी.चा करून घ्यावा लागेल याचा हिशेब पैसे देण्यापूर्वीच मांडता येतो.