आतड्यातल्या पेसमेकर पेशी शोधताना

एमडी पॅथॉलॉजीच्या प्रबंधासाठी मी काहाल पेशी, म्हणजे आतड्याच्या हालचालीची लय ठरवणाऱ्या पेशी, निवडल्या. त्या ओळखायच्या त्यांच्यावरच्या सी-किट या प्रथिनावरून. आमच्या विभागात सी-किट म्हटलं की सगळ्यांना जीआयएसटी हा जठर-आतड्यातला ट्यूमर आठवतो, कारण त्याच्या निदानाला हा मार्कर, म्हणजे ओळखखूण, नेहमी लागतो. मला मात्र निरोगी आतड्यातल्या पेशी बघायच्या होत्या. माणसाच्या जठरात मिनिटाला साधारण ३ आणि ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला, १२ मंद विद्युतलहरी उठतात, त्या या पेशींच्या जोरावर. ज्यांचं नाव या पेशींना आहे त्या शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांना त्या आदिम मज्जापेशी (चेतापेशी) वाटल्या होत्या. त्यांचं खरं काम कळायला सी-किट हाती यावा लागला. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी उंदराच्या पिलांना सी-किटविरोधी अँटिबॉडी दिली आणि आतड्याची हालचाल बिघडली.

सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे नोंदणी, हे सगळ्यांनाच करावं लागतं. खरं काम ग्रॉसिंगच्या टेबलावर सुरू झालं, जिथे शस्त्रक्रियेत काढलेला अवयव तपासून त्याचे तुकडे घेतात. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते तेव्हा लहान आतड्याचा शेवटचा तुकडाही सोबत निघतो. गाठीपासून लांबचा तो भाग मी घ्यायचे. नमुना खराब होऊ नये म्हणून तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे, नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तर जास्तच. म्हणून ओटीतल्या सिस्टरांना मी आधीच सांगून ठेवायचे. आमचे टेक्निशियन काका म्हणायचे, "डॉक्टर, तुकडा उभा बसला नाही तर अँटिबॉडी फुकट जाईल." आतड्याच्या भिंतीतले स्नायूंचे दोन्ही थर आणि त्यांच्यामधलं मज्जाजाळं (चेतातंतूंचं जाळं) एकाच काटात, म्हणजे पातळ कापात, दिसलं, तरच या पेशी कुठे आहेत हे ठरवता येतं.

सी-किटसाठी रंगवलेल्या स्लाइडवर तपकिरी पेशी भरपूर दिसतात, पण त्यातल्या बऱ्याच मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या प्रतिकारपेशी, असतात. त्यांच्यावरही सी-किट असतो. त्या गोल, सुट्या, म्युकोसात (आतड्याच्या आतल्या अस्तरात) आणि त्याखालच्या सबम्युकोसात विखुरलेल्या. काहाल पेशी लांबट, दोन्ही टोकांना फाटे फुटलेल्या, मज्जाजाळ्याला वेढून एकमेकींत गुंतलेल्या. स्नायूंच्या आत मात्र आकारावर भिस्त ठेवता येत नाही, कारण आडव्या कापलेल्या पेशीचे फाटे दिसतच नाहीत. म्हणून माझ्या गाइड मॅडमनी लागोपाठचे ४ मायक्रॉनचे काट घ्यायला लावले: एकावर सी-किट, दुसऱ्यावर डॉग-१, तिसऱ्यावर मास्ट पेशींची ओळख पटवणारा ट्रिप्टेज.

डॉग-१ आमच्याकडे ट्यूमरच्या निदानासाठी होताच. हेच प्रथिन म्हणजे अनॉक्टामिन-१, कॅल्शियमने उघडणारी क्लोराइडची वाहिनी. ती काहाल पेशींवर असते हे २००९ मध्ये पुढे आलं, आणि ती नसलेल्या उंदरांच्या आतड्यात मंद लहरी उठत नाहीत. सी-किट हा पेशीच्या वाढीला आणि टिकण्याला लागणारा रिसेप्टर. विद्युतप्रवाह अनॉक्टामिनमधून जातो. मास्ट पेशींवर अनॉक्टामिन रंगत नाही. त्यामुळे निरोगी आतड्यात माझा अधिक विश्वास त्याच्यावर आहे, आणि एकट्या सी-किटवर केलेली मोजणी मला पटत नाही.

मोजताना केंद्रक दिसेल तीच पेशी धरायची, नुसते फाटे सोडून द्यायचे, हे आम्ही आधीच ठरवलं. मज्जाजाळ्याभोवती पेशी इतक्या गुंतलेल्या असतात की सुट्या मोजणं शक्य होत नाही. तिथे रंगलेल्या क्षेत्राची टक्केवारी घेतली आणि स्नायूंच्या आत पेशींची संख्या. हे दोन आकडे आम्ही कुठल्याही तक्त्यात एकत्र केले नाहीत.