टीपॉयचे पाय आणि ३ मिलिमीटरची भानगड

बडोद्यात लाकडाचे पाय म्हटलं की सगळ्यांना जवळच्या संखेडा गावचं फर्निचरच आठवतं, लेथवर (लाकूड गरगर फिरवून गोल कातायचं यंत्र) फिरवलेले गोल गोल पाय आणि वर लाखेचा चकचकीत रंग. आईलाही टीपॉयला तसलेच पाहिजे होते. पण माझ्याकडे लेथ नाही, दहा इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेली गोल करवत) आहे, म्हणून चौकोनी, खाली निमुळते होत जाणारे पाय करायचे ठरवले. सागवान, ४०० मिलिमीटर लांब, ४५ चा चौरस. वरचे १०० सरळ (तिथे आडपट्टी बसते), मग चारही बाजूंनी १०-१० कमी करत तळाला २५.

जिग, म्हणजे पाय तिरका धरून ब्लेडवर ढकलायचा साचा, अगदी साधं केलं. प्लायचा तुकडा, त्यावर दोन ठोकळे, एक पायाच्या वरच्या टोकाला, एक तळाला, आणि पाय दाबून धरायला दोन टॉगल क्लॅम्प (खटक्याचे चिमटे). जेवढं लाकूड प्लायच्या कडेबाहेर येईल तेवढं ब्लेड कापणार. पहिली बाजू मस्त निघाली, एवढी की मी लगेच फोटोच काढला.

गडबड झाली तिच्या विरुद्ध, समोरची बाजू कापताना. आता ठोकळ्याला टेकणारी बाजू आधीच तिरकी कापलेली, म्हणजे तळाला पोकळी राहणार. मला वाटलं सोप्पंय, कापून निघालेली पाचर परत तिथेच लावू, पुन्हा चौरस झाला की! टेपने चिकटवली, पाय उलटवला, कापला, मापला तर तळाला २५ च्या जागी २८. एका बाजूने १० गेलेत, दुसऱ्या बाजूने ७ च, आणि उतार सुरू होतो ती जागाही चांगली इंचभर खाली सरकलेली. फेन्स (जिग जिला टेकवून सरकवतो ती सरळ पट्टी) तपासली, गुण्या लावून ब्लेड तपासलं, ठोकळे हलले का बघितलं, सगळं जागच्या जागी.

शेवटी गल्लीतल्या सुथारकाकांना बोलावलं. म्हटलं काका, जरा बघता का, माझं डोकं चालेना. त्यांनी पाचर हातात घेतली, जाड टोक बोटांत धरलं आणि हसले, "भाई, ब्लेड पण लाकडुं खाय ने!" बस्स. ब्लेडची जाडी ३ मिलिमीटर, तेवढ्याचा भुसा झाला होता, म्हणून पाचर १० ची नाही, ७ चीच उरली होती. आणि मी तिच्यावर १० चा भरवसा टाकून बसलो होतो.

किचनच्या कामातले सनमायकाचे तुकडे पडले होते, १ मिलिमीटर जाडीचे. तीन तुकडे एकावर एक ठेवून तळाच्या ठोकळ्यात आणि पाचरीत घातले, तोच पाय परत कापला. नशीब की चूक कमी कापण्याची होती, जास्त कापला असता तर ते सागवान गेलंच होतं.

मग उरलेल्या तीन पायांना शहाणपणाने क्रम लावला. आधी तिन्हींच्या शेजारशेजारच्या दोन बाजू, तिथे पॅकिंग (पाचर आणि सनमायका) लागतच नाही कारण टेकायची बाजू अजून कोरी असते. नंतर पॅकिंग लावून समोरच्या दोन. त्यात चौथ्या बाजूला आणखी एक गंमत, तेव्हा खाली प्लायवर टेकणारी बाजूही कापलेली असते, पाय तळाकडे अधांतरी राहून डुगडुगतो. तिथे तळाखाली १० चा तुकडा सरकवला, मगच क्लॅम्प आवळला. डुगडुगणारं लाकूड ब्लेडवर घालायची माझी तरी हिंमत नाही. आणि सुटलेली पाचर ब्लेडच्या बाजूला पडून थरथरत असते, ती उचलायला हात जातोच, म्हणून स्विच बंद करून ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत मी हात खिशात घालून उभा राहायचो.

करवतीच्या खुणा रंध्याने काढल्या, जाडीकडून निमुळत्या टोकाकडे, उलटं केलं की साग उचकटतो. तीन पाय तळाला बरोब्बर २५. पहिला, तो फोटोवाला, रंधा जास्त फिरल्यामुळे साडेचोवीस. तो भिंतीकडच्या कोपऱ्यात गेलाय.