तुम्ही विचारलंत म्हणून: अजून मुंबईच का?

ऑफिसात विचारतात, सोसायटीत विचारतात, नागपूरचा मेहुणा तर दर दिवाळीला विचारतो. प्रश्न तोच: रणजीत, म्हणजे राज्यांच्या टीमच्या क्रिकेट स्पर्धेत, मी अजून मुंबईच्याच टीमच्या मागे का? सूर तेवढे वेगळे. "आयपीएल सोडून रणजी कोण बघतं हो?" हा ऐरोलीतल्या ऑफिसचा सूर. "तुम्ही मूळ ठाण्याचे ना, मग मुंबई तुमची कशी?" हा सोसायटीचा. मेहुण्याचा सूर २०२५च्या सेमीफायनलनंतर फारच गोड झालाय. विदर्भाने नागपुरात मुंबईला ८० रनांनी हरवलं, त्या संध्याकाळी त्याचा फोन आला आणि त्याने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

इतकी वर्षं मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

ठाण्याचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. ठाणं मुंबईत नाही हे आम्हाला तुमच्याआधीपासून माहीत आहे. दादरला निघालो तरी आम्ही "मुंबईला जाऊन येतो" असंच सांगून निघायचो. पण क्रिकेटचा नकाशा वेगळा. ठाण्यातला पोरगा मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत खेळतो, महाराष्ट्राच्या टीमचा कारभार पुण्याहून चालतो. तुषार देशपांडे कल्याणचा. शार्दूल ठाकूर पालघरचा, किट बॅग घेऊन लोकलने यायचा. मुंबईची टीम कुलाब्यापेक्षा लोकलच्या डब्यात जास्त राहते, असं माझं मत. तुम्हाला पटत नसेल तर सोडून द्या.

"पण मुंबईच का?" याला माझं ठरलेलं उत्तर असायचं. खडूस क्रिकेट. विकेट फेकायची नाही, समोरच्याला फुकट काही द्यायचं नाही. मग १९५८-५९ ते १९७२-७३, सलग पंधरा वेळा रणजी. मग ४२ विजेतेपदं. एवढं ऐकलं की समोरचा गप्प बसतो, आणि तोच माझा हेतू असतो.

हे उत्तर खोटं नाही, फक्त माझं नाही. माझा जन्म १९८०चा. ती पंधरा वर्षं मी येण्याआधीच संपली होती. १९८४-८५ला मुंबई जिंकली तेव्हा मी बालवाडीत होतो, मला काय कळणार. त्यानंतर थेट १९९३-९४. म्हणजे मला क्रिकेट कळायला लागल्यापासून मी दहावीच्या तोंडाशी येईपर्यंत मुंबईने एकदाही रणजी जिंकली नाही. जिंकणारी टीम धरली असं म्हणणाऱ्यांनी हे गणित करून बघावं. मी धरली ती हरणारी टीम होती.

आता ७ मे १९९१. मंगळवार.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. त्यांनी रजा टाकली, हीच मोठी गोष्ट, कारण ते लग्नकार्याला रजा टाकायचे, मजेसाठी नाही. रणजीची फायनल, वानखेडे, शेवटचा दिवस, समोर कपिल देवची हरियाणा. आईने पोळीभाजीचा डबा आणि नंतर गरम होणारं पाणी दिलं. आम्ही चरईतून चालत स्टेशन गाठलं, दादरला बदललं, चर्चगेटला उतरलो, नॉर्थ स्टँडमध्ये जाऊन बसलो.

जिंकायला ३५५ हवे होते. ३ बाद ३४ झाले तेव्हा बाबांनी डबा उघडला, म्हणाले, निदान जेवून घेऊ. मग सचिन आणि वेंगसरकर. सचिनला अठरा पूर्ण होऊन दोन आठवडे झाले होते. पंच्याहत्तर बॉलमध्ये ९६ मारून तो गेला आणि माझी भाजी पोळीत तशीच राहिली होती, हे मला रनांपेक्षा स्पष्ट आठवतं. बटाट्याची, वाळलेली.

पुढे विकेट पडत गेल्या, वेंगसरकर एका टोकाला उभा. नववी विकेट पडली तेव्हा अजून पन्नासच्या आसपास हवे होते आणि बॅटिंगला आला अबे कुरुविला. ताडमाड उंच, अकरावा. बाबांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली पाळी होती. "चल. संपलं. गर्दीच्या आधी निघू."

मी काय म्हणालो? पुष्कळ वर्षं मी सांगायचो की मी हट्ट केला, मला ओढत नेलं. तसं काही झालं नाही. मी मुकाट्याने चपला घातल्या. मलाही वाटलं होतं की संपलं. घरी लवकर पोचलो तर अंधार पडायच्या आत खाली खेळायला मिळेल, हा विचारही मनात येऊन गेला. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

चर्चगेटहून सुटलेली गाडी मरीन लाइन्सच्या आधी वानखेडेला खेटून जाते. मी खिडकीत होतो. स्टँडची पाठ दिसली आणि तिच्या पलीकडून आरडाओरडा आला. विकेटचा नव्हता. विकेटचा आवाज आणि चौकाराचा आवाज यांतला फरक अकरा वर्षांच्या पोरालाही कळतो. मी बाबांकडे पाहिलं. ते समोरच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते, कारण त्यांचा अंगठा डब्याच्या कडीशी चाळा करत होता. वर, खाली, वर, खाली.

दादरच्या पुलावर एक माणूस कानाशी ट्रान्झिस्टर धरून उभा होता, भोवती सातआठ जण. बाबा त्या घोळक्यात शिरले आणि बाहेर आले. "वीसेक पाहिजेत. खेळतायत अजून." मी म्हटलं, "परत जाऊ या?" त्यांनी इंडिकेटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पोचेपर्यंत संपेल रे." ते खरं होतं. पण आम्ही त्या पुलावर थांबू शकलो असतो. त्या माणसाजवळ. खाली ठाण्याची गाडी लागली आणि आम्ही दोघं अक्षरशः धावलो.

ठाण्याला उतरलो तेव्हा पेपरवाल्याच्या ठेल्यापाशी कळलं. दोन रनांनी गेली. ३५२ ऑलआउट, कुरुविला रनआउट. वेंगसरकर १३९ नाबाद. पायात गोळे आले होते, लालचंद राजपूत त्याच्यासाठी धावत होता. आणि मॅच संपल्यावर वेंगसरकर मैदानावर रडला. वेंगसरकर म्हणजे आमचा कर्नल, ज्याच्याकडे बघून आम्ही गल्लीत कॉलर वर करायचो, तो रडला आणि मी तेव्हा कांजूर-भांडुपच्या मध्ये कुठेतरी होतो.

घरी आईने विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, "हरले," आणि पाय धुवायला मोरीत गेले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. वर्गात विषय निघालाच. मी म्हणालो, मी होतो तिथे. हे खरं होतं. मग एकाने विचारलं, वेंगसरकर खरंच रडला? मी म्हणालो, हो, मी बघितलं. त्याने हेल्मेट काढलं, हातांनी तोंड झाकलं, असं बरंच काही. एकदा बोललो ते बोललो. कॉलेजात बोललो, पहिल्या नोकरीत बोललो, बायकोला लग्नाआधी बोललो. नंतर छापून आलेलं वाचत गेलो आणि माझी गोष्ट सुधारत गेलो, त्यामुळे आता तिच्यात एकही चूक सापडणार नाही.

तर तुमचा प्रश्न. लहानपणची टीम एवढी का चिकटते? मी स्वतःशी भांडून पाहिलंय. एक मन म्हणतं, अपराधीपणा रे बाबा, दुसरं काही नाही. तू सोडून आलास, त्याची भरपाई करतोयस. दुसरं म्हणतं, अकरा वर्षांच्या मुलाचा कसला अपराध, तुझं वय झालंय आणि तुला तेव्हाच्या पोळीभाजीची आठवण येते. दोघंही थोडे बरोबर असतील. पण गेल्या नोव्हेंबरात नेरूळला, घरापासून अर्ध्या तासावर, आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला, मध्यरात्री फटाके वाजले, मी गॅलरीत उभा राहून ओरडलो. मनापासून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थित ऑफिसला गेलो. ९१च्या मे महिन्यात मी आठवडाभर खाली खेळायला उतरलो नव्हतो. हे मोजमाप बरोबर नाही, मला कळतं. अकराव्या वर्षी सगळंच मोठं असतं. पण म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच का? मला ते पुरेसं वाटत नाही.

मेहुणा म्हणतो, खेळाडूच थांबत नाहीत, तुम्ही कशाला थांबता? वसीम जाफर विदर्भाकडे गेला आणि तिथे दोन रणजी जिंकला. विरारचा पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे गेला. बरोबर आहे त्याचं. खेळाडूचं ते पोट आहे. माझं पोट ऐरोलीच्या ऑफिसवर चालतं, आणि ती नोकरी मी चार वेळा बदललीय, कोणी विचारलं नाही का बदललीस म्हणून.

आणि भूगोलाचा मुद्दा माझ्याच घरात निकालात निघालाय. माझा मुलगा मँचेस्टर युनायटेडचा. त्यांनी शेवटची लीग जिंकली २०१३ला, तेव्हा हा दोन वर्षांचा होता. रात्री दीड वाजता हरून झोपतो आणि सकाळी दूध पीत नाही. मी त्याला एकदाही विचारलं नाही की का. विचारायची हिंमत नाही.

मी आता अर्ध्यातून उठत नाही, एवढं मात्र आहे. २०२४च्या फायनलला १४ मार्चला एकटाच वानखेडेला गेलो. विदर्भाला ५३८ हवे होते, निम्मी टीम आदल्या दिवशीच परतली होती, तरी त्यांच्या अक्षय वाडकरने शतक ठोकलं आणि सकाळच्या सत्रात एकही विकेट पडू दिली नाही. आजूबाजूचे चहाला गेले, आले, परत गेले. मी जागचा हललो नाही, लघवीलासुद्धा. मुंबई १६९ रनांनी जिंकली. छान वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याच मोसमात क्वार्टरफायनलला बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या शेवटच्या जोडीने २३२ जोडले तेव्हा मी जास्त हललो होतो. दहावा आणि अकरावा, दोघांची शतकं. मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून मी स्कोअर बघत होतो आणि माझ्या डोक्यात कुरुविला चालत मैदानात उतरत होता.

गेल्या दिवाळीत मेहुणा आला. सवयीने चिडवायला लागला. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, ऐकायला थोडं कमी येतं, पण रणजी हा शब्द त्यांना बरोबर ऐकू आला. "अरे, तू काय सांगतोस. एक्क्याण्णवची फायनल आम्ही दोघांनी बघितलीय. शेवटच्या बॉलपर्यंत. वेंगसरकर रडत होता, विचार ह्याला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी ती गोष्ट माझ्याकडूनच ऐकून उचलली होती, की त्यांनाही ती माझ्यासारखीच लागत होती, देव जाणे.

मी म्हटलं, "हो तर."

बाबांनी फराळाच्या ताटातून दोन शंकरपाळी उचलली आणि कुरुविला क्रीजपासून किती लांब राहिला ते टीपॉयवर मांडून दाखवायला लागले. मी तिसरी उचलली आणि रनर राजपूत कुठे होता तिथे ठेवली.