कॅमेरा मागे घ्या, सिस्टर

दुर्बिणीच्या ऑपरेशनात सर्जनचे दोन्ही हात हत्यारांत गुंतलेले असतात. डोळे तिसऱ्याच माणसाच्या हातात. आमच्या हॉस्पिटलात ते माझ्या, म्हणजे नर्सच्या, हातात असतात. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात कॅमेरा धरायला निराळा डॉक्टर कुठून आणणार? आमच्या सर्जन सरांनी मला शिकवलं आणि मी शिकले. आज ऑपरेशन सुरू झालं की कॅमेरा कुणाला द्यायचा, हे कुणी विचारत नाही.

हे काम बाहेरून दिसतं तितकं सोपं नाही. आमची दुर्बीण 30 अंशांची. म्हणजे समोरचं नव्हे, तिरकं बघणारी. लाईटची केबल फिरवली की नजर फिरते. कॅमेरा मात्र सरळच राहिला पाहिजे. तो जरा कलला तर पडद्यावर यकृत तिरकं दिसतं आणि सर्जनचा अंदाज चुकतो. काच धुरकटली तर गरम पाण्याच्या थर्मासात बुडवायची, पुसायची, आणि हे सगळं सरांचा हुक, म्हणजे जाळत कापणारं हत्यार, एखाद्या नसेजवळ नसतानाच करायचं. हत्याराचं टोक सतत मधोमध हवं. सर पुढे कुठे जाणार, हे ते जायच्या आधी कळायला हवं.

साधं गॉलब्लॅडरचं, म्हणजे पित्ताशय काढायचं, ऑपरेशन आमच्याकडे पाऊण तासात होतं. बेंबीतून दहा मिलिमीटरचं भोक, पोट फुगवायला 12 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड, आणखी तीन भोकं, क्लिपा, पित्ताशयाची पिशवी बाहेर. देशातलं असं पहिलं ऑपरेशन 1990 साली मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडियांनी केलं. आता तालुक्यातालुक्यात होतं, म्हणून लोकांना ते दात काढण्याइतकं किरकोळ वाटायला लागलंय. त्यात आम्हा हॉस्पिटलवाल्यांचाही हात आहे. ‘बिनटाक्याचे ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी’ असे फलक आपणच चौकात लावतो. मला ते फलक अजिबात आवडत नाहीत.

कारण यात खरी कारागिरी न कापण्याची आहे. पित्ताशयाच्या मानेपासून निघणारी नळी आणि त्याची धमनी, एवढ्या दोनच गोष्टी कापायच्या असतात. शेजारीच यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका असते, जेमतेम सहा मिलिमीटरची. सुजेने जवळ ओढली गेली की ती हुबेहूब पित्ताशयाच्या नळीसारखी दिसते. ती कापली गेली तर माणसाचं पुढचं आयुष्य बदलतं. म्हणून स्ट्रासबर्ग या अमेरिकन सर्जनने 1995 साली मांडलेला नियम सर पाळतात. पित्ताशयाची नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या तिकोनातली चरबी आणि चिकटलेलं सगळं साफ करायचं. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा. मग पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत. या तिन्ही अटी पडद्यावर पुऱ्या झाल्याशिवाय सर क्लिप मागत नाहीत. सिस्टरने आधीच भरून पुढे केली तरी घेत नाहीत.

ती मावशी आली ऐन गाळपाच्या हंगामात. बीडकडची, ऊसतोडीच्या टोळीतली. खडे असल्याचं दोन हंगामांआधी सोनोग्राफीत कळलं होतं, कुणीतरी पुड्या दिल्या होत्या. या वेळी दुखायला लागलं तेव्हा उचल घेतलेली, खाडा पडला तर पैसे कापणार, म्हणून गोळ्या खाऊन ती मोळ्या बांधत राहिली. आमच्याकडे आली तेव्हा दुखणं दहाव्या दिवसात गेलेलं, अंगात ताप, साखर वाढलेली. पित्ताशयाची भिंत आठ मिलिमीटर जाड आणि मानेत मोठा खडा रुतलेला. इतकी जुनी सूज असली तर थंड होऊ देतात आणि सहा आठवड्यांनी काढतात. पण तिची सूज औषधाला दाद देईना, आणि पित्ताशय रिकामं करायला बाहेरून नळी टाकतात, त्यासाठी मिरजेला जा म्हटलं तर घरचे तयार होईनात.

कपडे बदलताना मला तिच्या ओटीपोटावरचा जुना व्रण दिसला. गर्भपिशवी काढलेली. किती वर्षांची असताना, म्हणून विचारलं. म्हणाली, “तिसावं असंल. डॉक्टर म्हणले कॅन्सर होईल.” बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते मी पेपरात वाचलं होतं. तो व्रण तेव्हाच जास्त लक्षात ठेवायला हवा होता असं नव्हे, पण त्या सगळ्या कुटुंबाची आमच्याकडे बघण्याची नजर त्या व्रणातून आलेली होती, हे मला नंतर उमगलं.

जुन्या ऑपरेशनमुळे आत आतडी चिकटलेली असू शकतात. म्हणून सरांनी आंधळी सुई न घालता बेंबीजवळ लहान छेद घेऊन एकेक थर बघत पोट उघडलं. कॅमेरा आत गेला, पण पित्ताशय दिसेना. वपेने, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पदराने, ते पुरतं झाकलं होतं. वपा हळूहळू सोडवली तेव्हा खाली टरारलेली, काळपट, जागोजाग हिरवी पडलेली पिशवी दिसली. चिमट्यात धरवेना, निसटायची. सुई घालून रिकामी केली तर सिरिंजमध्ये पू आला.

मग तो तिकोन. सिमेंट ओतून बसवल्यासारखा. सरांनी सक्शनच्या टोकाने हलकेच ढकलून पाहिलं, पाणी सोडून पाहिलं. कुठलाच पदर सुटेना. नुसतं झिरपणारं रक्त. यकृताच्या खालच्या अंगाला एक खाच असते, तिच्या रेषेच्या वर राहिलं तर मुख्य नलिका सहसा वाचते. ती खाच मी पडद्यावर पकडून ठेवली होती. सर त्या रेषेजवळ आले आणि थांबले.

“कॅमेरा मागे घ्या, सिस्टर.”

मी मागे घेतला. पूर्ण यकृत, आतडं, सगळं एकदम दिसायला लागलं. सरांनी दोन्ही हत्यारं बाहेर काढली. भूलतज्ज्ञ मॅडमनी मान वर करून पाहिलं. बराच वेळ कुणीच बोललं नाही, फक्त मॉनिटरची टिकटिक. जवळून बघत राहिलं की पुढचा धागा खुणावतो, एवढा सुटला की झालं असं वाटतं. लांबून पाहिलं की कळतं, आपण कुठे उभे आहोत. मलाही त्या क्षणी दिसत होतं की इथे कापलं तर काय कापलं जाईल, हे कुणालाही सांगता येणार नाही.

“मान सोडून देऊ. सबटोटल.” म्हणजे पित्ताशयाचा काही भाग आतच ठेवायचा.

पुढचं काम किचकट, पण सगळं सुरक्षित जागेत. पित्ताशय समोरून उघडलं. खडे आतच पिशवीत गोळा केले. पिशवी म्हणजे आमच्याकडे निर्जंतुक हातमोज्याचं कापलेलं बोट, तोंडाला दोरा बांधलेलं. बाजारातली महागडी पिशवी याहून चांगलं काम करते असं मला कधी वाटलं नाही. मानेतला रुतलेला खडा काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. तो सुटला तसा मागून पिवळा पित्ताचा थेंब आला, म्हणजे नळी उघडी होती. सरांनी आतून टाका घालायचा प्रयत्न केला, पण कुजलेल्या मांसातून दोरा चिरत बाहेर आला. दुसराही तसाच. यकृताला चिकटलेली मागची भिंत तशीच ठेवून तिचं अस्तर जाळलं, पोट भरपूर धुतलं, ड्रेनची नळी ठेवली. हातमोजे काढायच्या आधीच सर म्हणाले, “पित्त येणार. आठ-दहा दिवस तरी येईल. घरच्यांना आत्ताच सांगू.”

सांगितलंही. कागदावर चित्र काढून. पण दुसऱ्या दिवशी ड्रेनच्या पिशवीत अडीचशे मिली पिवळंधम्मक पित्त आलं आणि मुलगा वॉर्डात माझ्यासमोर उभा राहिला, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून. “हे काय व्हायलंय? नस कापली असंल तर सरळ सांगा. आणि पिशवी निम्मीच काढली म्हणं. पैसे तर पुरे घेतलेत.”

मी मोजपात्र हातात धरून उभी. त्याला काय सांगणार होते? आमच्या नजरेने ती पित्ताने भरलेली पिशवी आईचा जीव वाचवल्याची किंमत होती, त्याच्या नजरेने गुन्ह्याचा पुरावा. त्याच्या आईला एकदा एका डॉक्टरने सगळं काढून टाकून फसवलं होतं. आता दुसरा काही ठेवलंय म्हणत होता. त्याने आमच्यावर विश्वास का ठेवावा, याचं एकही कारण त्याच्याकडे नव्हतं, आणि मला त्याचा राग आला नाही.

राग आला तो आमच्याकडे बाहेरून येणाऱ्या एका तरुण सर्जनचा. चहा पिताना म्हणाले, “ओपन केलं असतं तर पूर्ण निघालं असतं, लीकही झाला नसता.” हे सोपं बोलणं आहे. पोट उघडलं म्हणून तो तिकोन वितळत नाही. हात आत गेला तरी बोटांना तेच दगडासारखं लागणार, आणि लांबलचक छेद, त्यात मधुमेह, वर पुन्हा कोयता चालवायचा. उघडावं लागतं तेव्हा उघडलंच पाहिजे, सरांनी अनेकदा उघडलंय. पण पूर्ण काढलं म्हणजे चांगलं ऑपरेशन, हा समज डॉक्टरांतही इतका रुजलाय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पित्त कमी होईना, तेव्हा मिरजेला पाठवून तोंडावाटे दुर्बिणीने पित्तनलिकेत स्टेंट टाकला. पित्ताला आतड्याकडे सरळ वाट मिळाली आणि ड्रेन आठवड्यात कोरडी पडली. खर्च वाढला, टोळी पुढच्या फडावर गेली, मुकादमाचे फोन येत राहिले. मुख्य नलिका शाबूत असल्याचं मिरजेच्या एक्स-रे फिल्ममध्ये स्वच्छ दिसत होतं. ती फिल्म मी मुलाला खिडकीच्या उजेडात धरून दाखवली, नलिका बोटाने दाखवली. तो बघत राहिला. पटलं का, ते बोलला नाही, पण मोबाईल त्याने खिशात ठेवला होता.

सरांना मी एक गोष्ट करायला लावली. संमतिपत्रात आता ठळक मराठीत एक वाक्य आहे: ‘पित्ताशय पूर्ण काढणे धोक्याचे वाटल्यास त्याचा काही भाग आत ठेवला जाईल, आणि त्यानंतर काही दिवस नळीतून पित्त येऊ शकते.’ सही घ्यायच्या आधी मी ते मोठ्याने वाचते आणि ड्रेनची पिशवी प्रत्यक्ष हातात देते.

स्टेंट काढायला आली तेव्हा मावशीने विचारलं, “राहिलं तेवढं पुन्हा दुखंल का, सिस्टर?” शक्यता आहे, मी म्हटलं. उरलेल्या भागात क्वचित परत खडे होतात. वर्षातून एकदा सोनोग्राफी करायची, गावाकडे कुठेही चालेल, फक्त डिस्चार्ज कार्ड दाखवायचं, नाहीतर तिथला डॉक्टर, पित्ताशय आहे का नाही, यातच गोंधळेल. कार्डावर मी लाल पेनने ‘सबटोटल’ लिहून खाली माझा नंबर दिला. दसऱ्याच्या आत करून घ्या म्हटलं. एकदा टोळी निघाली की ती मार्चपर्यंत दवाखान्याचं तोंड बघणार नाही.