पांढरी पाचच्या थोडा वर

पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या जोडून आलेल्या सुट्टीत जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये चार दिवस वेव्ह-गोटिक-ट्रेफेन हे गॉथ संगीताचं संमेलन असतं. 1992 ला सुरू झालं, आता वीसेक हजार लोक येतात, नखशिखांत काळ्या कपड्यांत, शहरभर वेगवेगळ्या हॉलमध्ये गिग्ज चालू असतात आणि ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नसते. मी मूळची मिरजेची, सध्या जर्मनीत लाइव्ह साउंड करते, त्या वीकेंडला एका जुन्या कारखान्याच्या हॉलमध्ये मिक्सरवर मी होते.

शुक्रवार नेहमीसारखा गेला. सगळे ईबीएमवाले (इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक, ठोक्यावर नाचायचं संगीत) बँड, किक म्हणजे ड्रमचा खालचा ठोका नीट बसला, सिक्वेन्सरचा (मशीनवर आपोआप वाजणारा) बेस त्याच्या पायात आला नाही आणि गाणाऱ्याचा माईक वर राहिला की झालं. मला लिहायचंय ते शनिवारबद्दल.

शनिवारी तिसरा स्लॉट एका साठीच्या पुढच्या माणसाचा होता, एकटाच. स्टेजवर साखळ्यांनी टांगलेला माणूसभर उंच पत्रा, त्याला चिकटवलेले दोन कॉन्टॅक्ट माईक (पत्र्याची थरथर पकडणारे), एक मोठी स्प्रिंग, दोन सिंथेसायझर म्हणजे सिंथ आणि एका लाकडी फळीवर छोटा ट्रान्सफॉर्मर. या संगीतात भंगार वाजवणं नवीन नाही. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या बँडने 1976 मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स हे लेबल काढलं, त्यावरून या प्रकाराला इंडस्ट्रियल हे नाव पडलं, आणि 1980 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालेल्या आइनष्टुर्त्सेंडे नॉयबाउटन या बँडने तर ड्रिल मशीन आणि लोखंड स्टेजवर आणलं. त्यामुळे पत्र्याचं मला काही वाटलं नाही, कॉन्टॅक्ट माईकला भरपूर इनपुट इम्पिडन्स असलेला डीआय (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारा डबा) दिला (नाहीतर खालचा आवाज सगळा उडून जातो आणि पत्रा डब्यासारखा वाजतो) आणि साउंडचेक सुरू केला.

आणि हमिंग. चांगलं जाड, 50 हर्ट्झ आणि त्याच्या वर 100, 150. साउंडवाल्याला हा आवाज झोपेतही ओळखू येतो, अर्थिंगचा लोचा. डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे अर्थिंग तोडणारं बटण, दाबलं, गेलं नाही. केबल बदलली, गेलं नाही. पुढच्या बँडची माणसं सामान घेऊन विंगेत उभी, माझ्या हातात जेमतेम दहा मिनिटं, मी त्या चॅनेलवर तीन बारीक नॉच फिल्टर (नेमकी एकेक फ्रिक्वेन्सी कापणारे) टाकले आणि हम साफ कापून काढला.

तो वाजवायचा थांबला. स्टेजवरून उतरून सरळ माझ्याकडे चालत आला, आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "माझा सूर कुठे गेला?"

मग मला घेऊन गेला. ट्रान्सफॉर्मरवर टेपने एक तांब्याच्या तारेचं वेटोळं लावलेलं होतं, टेलिफोनमधून काढलेलं, ते ट्रान्सफॉर्मरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पकडत होतं. तोच हम. दोन्ही सिंथ त्याच्यावर लावलेले. मी ट्यूनर लावून बघितलं, जी स्वर आणि वर 35 सेंट (शंभर सेंट म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी पाचच्या थोडा वर, काळी चारला न पोचलेला. काटा किंचित हलत होता. तो म्हणाला, हलणारच, पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंत विजेचं एकच ग्रिड आहे, कुठे लोड वाढला की फ्रिक्वेन्सी केसभर खाली येते, मी तसाच वाजवतो.

मी मिरजेत सतारमेकर गल्लीच्या बाजूला वाढलेय. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावताना तासन् तास बघितलेलं आहे, ती झणझण मुद्दाम आणलेली असते आणि ती काढली तर तंबोरा मुका होतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. आणि इथे मी एका माणसाचा षड्ज कापून टाकला होता. मला मनापासून वाईट वाटलं, मी त्याला तसं सांगितलं, आणि फिल्टर काढले.

पण कान म्हणत होता अजून काहीतरी आहे. त्याला म्हटलं, वेटोळं जरा बाजूला घे. त्याने घेतलं. त्याचा हम गेला, आणि खाली एक दुसरा राहिला, बारीक, करकरीत, वरचे हार्मोनिक्स म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले वरचे स्वर जास्त असलेला. तो मात्र खरा बिघाड! व्हिडिओसाठीचा लॅपटॉप प्रोजेक्टरच्या बाजूच्या सॉकेटवर होता, त्याचा ऑडिओ माझ्याकडे स्टेजवरून येत होता, दोन ठिकाणचं अर्थिंग मिळून लूप झालेला (जर्मन याला ब्रुमश्लायफे म्हणतात). लॅपटॉप स्टेजच्याच बोर्डवर घेतला, तो करकरीत आवाज बंद. मग त्याने वेटोळं परत टेकवलं आणि रिकाम्या हॉलमध्ये तो एकटा स्वर उभा राहिला, इतका स्वच्छ की मागे केबल गुंडाळणारा पोरगा थांबला.

गिग चाळीस मिनिटांची झाली. पहिली दहा मिनिटं नुसता तो हम आणि सिंथ, नाचायला आलेले लोक नाचले नाहीत, उभे राहून ऐकत होते. मग त्याने पत्र्याला हात घातला. इथे अर्ध्या तासाची सरासरी 99 डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही असा नियम आहे, मीटर माझ्यासमोरच असतो, शेवटी तो 98.6 दाखवत होता आणि मी मास्टर दीड डेसिबल खाली घेतला, पण हमचा फेडर तेवढाच वर सरकवला, तो कमी होऊ द्यायचा नव्हता. शेवटी त्याने पत्रा हाताने धरून बंद केला, सिंथ बंद केले, हम तसाच ठेवला. मिनिटभर. मग वेटोळं उचललं.

रविवारी आणि सोमवारी अजून सात-आठ बँड झाले, चांगले होते.

मंगळवारी घरी येऊन मिक्सरवरच्या रेकॉर्डिंगमधला सुरुवातीचा तुकडा गल्लीतल्या काकांना व्हॉट्सॅपवर पाठवला, ते पन्नास वर्षं तंबोरे करतायत. कशाचा आवाज आहे ते सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"जवारी जरा जास्त उघडी ठेवलीय," म्हणाले, "पण सूर पक्का आहे गं. कुणी लावलाय?"