आजोबांनी जमीन दारूत घालवली नव्हती

आमच्या मजल्यावर एक त्रिनिदादच्या आजी राहतात, वय ८६, आणि सध्या घरच्यांशी त्यांचं जोरदार वाजलंय. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे, म्हणून हे लिहितेय. टोरोंटोत आमच्या भागात गयाना-त्रिनिदादची, मूळ भारतीय वंशाची खूप कुटुंबं आहेत. साडा रोटी, वांग्याचं चोखा, रामायणाचा पाठ सगळं घरात असतं, बोलणं मात्र इंग्लिश, तेही त्यांच्या खास हेलातलं. मी त्यांना आजी म्हणते, त्यांची नातवंडंही आजीच म्हणतात.

सुरुवात झाली ओसीआय कार्डवरून, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड. जुलै २०२५ मध्ये मोदी पोर्ट ऑफ स्पेनला गेले तेव्हा जाहीर केलं की त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना सहाव्या पिढीपर्यंत ओसीआय देणार, झालं, नातवंडांनी लगेच मनावर घेतलं. माझ्या मुलीचं ओसीआय मीच केलं होतं म्हणून फॉर्मचं काम माझ्याकडे आलं. भारतातून जो माणूस गेला तिथपासून आजपर्यंत कागदाला कागद जोडत यायचं. पण आजींच्या वडिलांचा जन्मदाखला घरात कोणी कधी बघितलाच नव्हता.

आता त्यांच्या घरातली गोष्ट ऐका. आजींचे आजोबा कलकत्त्याहून गिरमिटावर, म्हणजे मळ्यावरच्या मजुरीच्या करारावर, त्रिनिदादला गेले, पाच वर्षं ऊस तोडला, मग पै पै साठवून तिथल्या कूव्हा गावाजवळ स्वतःची जमीन घेतली आणि ती सगळी रमच्या दुकानात उडवली. हे आजींनी लहानपणापासून ऐकलेलं. घरातल्या एखाद्या पोराने ग्लास हातात घेतला की "आजावर गेला" म्हणायचे. आजोबा गेल्यावर त्यांच्या बायकोला, म्हणजे आजींच्या आजीला, म्हातारपणी परत मळ्यावर खुरपणीला जावं लागलं, तेही आजोबांच्याच पापामुळे म्हणे.

दाखला सापडला रामायणाच्या पोथीच्या लाल बस्त्यात. ते बस्तं वडिलांशिवाय कोणी सोडायचं नाही असा घरचा नियम होता आणि ते गेल्यावरही कोणी सोडलं नव्हतं, नुसती पूजा करायचे. आत एक लखोटा, त्यात दोन कागद. पहिला वडिलांचा दाखला, १९०८ चा. बापाच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ आणि बाजूला शाईने लिहिलेलं, इललेजिटिमेट. म्हणजे अनौरस. दुसरा कागद १९३४ चा, सरकारी ऑफिसचं टाईप केलेलं पत्र. त्यात लिहिलंय की मयताने मृत्युपत्र केलेलं नाही, अर्जदार बाई ही त्याची कायदेशीर पत्नी नाही, मुलं औरस नाहीत, सबब जमिनीला वारस नाही आणि ती सरकारजमा होत आहे. खाली पोच म्हणून आजींच्या आजीच्या अंगठ्याचा ठसा. वाचता न येणाऱ्या बाईकडून तिचं घर गेल्याच्या कागदावर अंगठा घेतला, मला तो ठसा बघवेना.

ते दोघं काय असेच एकत्र राहत होते का? तर नाही. मांडव घालून, पंडिताला बोलावून, अख्ख्या वस्तीसमोर लग्न झालेलं. पण त्रिनिदादमध्ये पंडिताने लावलेल्या हिंदू लग्नाला कायद्यात किंमतच नव्हती, वेगळी सरकारी नोंद केली तरच ते लग्न, आणि मळ्यावरची किती माणसं ऑफिसात जाऊन ती करणार होती? हिंदू विवाहाचा कायदा तिथे झाला १९४५ साली. पहिलं जहाज फतेल रझाक लागलं ३० मे १८४५ ला, म्हणजे बरोबर १०० वर्षं. तोपर्यंत दाखल्यांवर तो शब्द पिढ्यानपिढ्या पडत राहिला, आणि औरस-अनौरस हा भेद कायद्यातून गेला थेट १९८१ मध्ये.

आणि ही माणसं तिथे नेली कशासाठी, तर १८३८ मध्ये गुलामगिरी पुरती संपली आणि मळेवाल्यांना स्वस्तात राबणारे हात पाहिजे होते. गुलाम गेले म्हणून मालकांना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली, त्यासाठी काढलेलं कर्ज २०१५ पर्यंत फेडत होते. राबलेल्यांना एक दमडी नाही. मालकांचा हिशोब पैशापैशाने चुकता केला आणि आजींच्या आजीला नवऱ्याच्या घामाची जमीनसुद्धा मिळाली नाही, याचा मला खरंच संताप येतो.

पण आजींना सगळ्यात जास्त लागलंय ते वेगळंच. त्यांच्या वडिलांना हे सगळं माहीत होतं. प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस, इंग्रजी वाचायचा, पत्र त्यानेच आईला वाचून दाखवलं असणार. आपण अनौरस ठरलोय हे पोरांना कळण्यापेक्षा बाप दारुडा होता हे सांगणं त्यांना सोपं वाटलं. त्यांचाही जीव किती जळला असेल ते मला कळतं, मुलींची लग्नं व्हायची होती. पण एका कष्टाळू माणसाच्या नावाला ९० वर्षं बट्टा लागला आणि ते बघायला तो हयात नव्हता. आजी म्हणाल्या, "बेटी, मीसुद्धा माझ्या मुलांना तेच सांगत आले." एवढं बोलून बराच वेळ हात चोळत बसल्या.

भांडण आता यावरून आहे की मोठ्या मुलाचं म्हणणं, त्रिनिदादहून नवीन कॉम्प्युटरवरचा दाखला मागवू, त्यावर तो शब्द नसेल तर बरंच, उगाच व्याह्यांपर्यंत कशाला जायला पाहिजे. आजी म्हणतात जुनाच लावायचा, आणि शब्द झाकायचा नाही, ज्यांनी लिहिला त्यांना लाज वाटू दे. पितृपक्षात त्यांनी सगळ्यांना बसवून ते पत्र मोठ्याने वाचलं, मग आजोबांचं नाव घेऊन पाणी सोडलं. मुलगा मधेच उठून बाल्कनीत गेला, नातवंडं मात्र शेवटपर्यंत बसली होती.

आणि फॉर्मच्या कामात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बापाचा रकाना रिकामा असल्यामुळे आजोबांचा पास, म्हणजे भारतातून निघताना मजुराची माहिती लिहिलेला कागद, मिळाला तरी जोडायला आधार नाही. आईच्या रकान्यात मात्र तिचं नाव, जहाज, नंबर सगळं व्यवस्थित आहे. त्यावरून आजींच्या भाच्याने पोर्ट ऑफ स्पेनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये तिची नोंद शोधून काढली. वय २०, बापाचं नाव, जिल्हा बस्ती (आताच्या उत्तर प्रदेशातला), उजव्या भुवईवर व्रण, आणि सोबत कोणी नाही. घरात सांगायचे की ती नवऱ्यासोबत आली, पण ती एकटीच आली होती, लग्न तिथे पोचल्यावर झालं. हेही आजींना ८६ व्या वर्षी कळलं आणि यावर त्या चक्क खूश आहेत. पाचही नातवंडांची फाईल आता तिच्या नावावरून जाणार आहे.

अडलंय ते नोंदीतल्या ठाण्याच्या नावाशी, म्हणजे तिचं गाव ज्या पोलीस ठाण्याखाली होतं त्याच्या. स्कॅनमध्ये पहिली दोन अक्षरं पुसट आहेत, शेवटी गंज आहे एवढं दिसतंय, आणि खालचं गावाचं नाव तर लागतच नाहीये. बस्ती किंवा गोरखपूरकडचं कोणी तुमच्या ओळखीत असेल, जुनी ठाणी माहीत असणारं, तर मला मेसेज करा. फोटो पाठवते.