आजऱ्याच्या बांधावर: सेंद्रिय भात, रासायनिक भात

भातशेती पाहायला आजऱ्याला जायचं असेल तर ऑक्टोबरअखेर जा. जुलैत रोपलागण बघायला मजा येते, पण तेव्हा शेतकऱ्याला बोलायला सवड नसते. कोल्हापुरातून निपाणी-उत्तूरमार्गे एसटी आहे. पुढं वाड्यांवर फिरायला दुचाकी हवीच.

सेंद्रिय आणि रासायनिक भातात छोट्या शेतकऱ्याला नेमका काय फरक पडतो, हे मला पाहायचं होतं. बांधाच्या एका अंगाला शेणखतावरचा उंच, वाऱ्यानं झुकलेला घनसाळ भात. दुसऱ्या अंगाला युरियावरचा, त्या मानानं ठेंगणा, भरगच्च इंद्रायणी. इंद्रायणीचा उतारा, म्हणजे उत्पादन, जास्त, हे डोळ्यांनाच दिसतं. पण ही तुलनाच लंगडी आहे. घनसाळ मुळातच उशिरा येणारा, कमी उताऱ्याचा देशी वाण.

"युरिया जरा जास्त झाला की आडवाच पडतोय बघा," एक काका म्हणाले. त्यामुळं रासायनिकवालेही घनसाळाला खत हात आखडूनच देतात. तेव्हा तिथं गेलात की एकच वाण दोन्ही पद्धतींनी कोण करतं ते आधी विचारा. असे शेजारी सापडतात, फक्त चहाला थांबायची तयारी पाहिजे.

दुसरं, खाचराचं पाणी बघा. उतारावर वरच्या खाचराचं पाणी बांध फोडून खालच्यात सोडतात. वरचा शेजारी युरिया टाकत असेल तर खालच्याचं सेंद्रिय कितपत सेंद्रिय? जाणते लोक वरचं पाणी कडेनं चर काढून बाहेर घालवतात. तो चर दिसला की समजावं, माणूस मनापासून करतोय.

खर्चाचं गणित मात्र खतापेक्षा भांगलणीत, म्हणजे तण काढण्यात, अडकलंय. रासायनिकवाला तणनाशक मारून मोकळा होतो. सेंद्रियवाल्याला बायकांची मजुरी मोजावी लागते, आणि ऐन हंगामात बाया मिळणं मुश्कील. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत, त्यामानानं स्वस्त: दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती आणि २०० लिटर पाणी, एवढं एका एकराला. खरी ओढाताण शेणखताची. गोठ्यात म्हशी आहेत, पण ऊसही आहे, आणि बऱ्याच घरी खताचा पहिला मान उसाचा. मला तरी भाताची परवड इथंच होते असं वाटलं.

हिशेब विचारताना एकरी नको, गुंठ्यावर विचारा. बहुतेकांची शेतं तेवढीच. दर भाताचा की कांडून आणलेल्या तांदळाचा, तेही स्पष्ट करून घ्या, कारण कांडल्यावर वजन साधारण दोन तृतीयांशच उरतं. पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, किंमत लोक धरतच नाहीत. ती आपण धरावी.

तांदूळ विकत घेणार असाल तर पिशवीवरच्या शिक्क्यानं फसू नका. आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मुलखाचं आणि वाणाचं आहे, रसायनं वापरली नाहीत याची ती हमी नव्हे. वासावरूनही सेंद्रिय ओळखता येत नाही. पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घेण्याच्या पद्धतीतल्या, गटाचं सेंद्रिय प्रमाणपत्र मागा. त्यात किमान पाच शेतकरी एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. आणि नवा तांदूळ घेतलात तर शिजवताना पाणी बेतानं घाला.